बोट सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीतले बारा तरुण. २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा यांनी कमरेएवढ्या पाण्यातून शेजारच्या आजी-आजोबांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. परदेशात समुद्रकाठच्या गावांमधून स्वयंसेवकांची जीवरक्षक बोट असते, तसं पथक आपल्याकडे उभं करायचं, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात आहे. वर्गणी जमते आहे. सगळ्यांना पोहता येतं. बोट कोणती घ्यावी आणि मोटर किती हॉर्सपॉवरची, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

पाण्यातून माणसं काढायचं काम मी बावीस वर्षं करतोय. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, पोट त्यावर चालतं. वल्हं धरायला सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर शिकलो, बाकीचं मुठा, पवना, इंद्रायणी आणि धरणांच्या फुगवट्यांनी शिकवलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी एक विनंती. बोट घ्या, मात्र सगळ्यात शेवटी घ्या. वर्षभर तरी त्या पैशाला हात लावू नका.

तुम्ही ज्या पथकांबद्दल लिहिलंय त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. विल्यम हिलरी यांच्या खटपटीतून १८२४ साली उभी राहिली आणि आजही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. बोटीवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणाचं दुकान. दहातल्या एखाद्याचाच व्यवसाय समुद्राशी संबंधित असतो. पेजर वाजला की हातातलं काम टाकून बोटीच्या शेडकडे धावायचं, म्हणून घर आणि नोकरी शेडपासून काही मिनिटांच्या अंतरावर लागते. किनाऱ्यालगतच्या कामाला त्यांची जी छोटी बोट असते, डी क्लास, ती रबरी, पाच मीटर लांब, पन्नास हॉर्सपॉवरची. म्हणजे तुमच्या मनात आहे जवळपास तशीच. तिच्यात माणसं किती जातात? दोन किंवा तीन. बाकीचे बोट पाण्यात ढकलतात, रेडिओ सांभाळतात, परत आलेली बोट धुतात, इंधन भरतात, गावात डबा फिरवून पैसे जमवतात. त्यांनाही तिथे पथकातलेच मानतात.

तुमच्या बारा जणांपैकी बोटीत तिघं बसणार. उरलेले नऊ जण काय करणार, हे आधी ठरवा. माझ्या मते तुमचं खरं पथक ते नऊ जणच आहेत.

त्याच संस्थेच्या इतिहासातली एक रात्र आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. १९ डिसेंबर १९८१. कॉर्नवॉलमधलं माउसहोल हे मासेमारांचं छोटं गाव. युनियन स्टार नावाचं जहाज इंजिन बंद पडून वादळात खडकांकडे ओढलं जात होतं. गावची सॉलोमन ब्राउन ही लाकडी बोट निघाली. ट्रेव्हेलियन रिचर्ड्स तिचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. एक तरुण खलाशी निघायला तयार उभा होता, पण त्याचे वडील आधीच बोटीत होते. अशा रात्री एका घरातले दोघं नकोत म्हणून रिचर्ड्सनी त्याला मागे ठेवलं. चौघांना उचलल्याचं बोटीवरून रेडिओवर कळवलं गेलं आणि मग आवाज बंद झाला. बोटीवरचे आठही जण गेले, जहाजावरचेही आठही गेले. दुसरा दिवस मावळायच्या आत त्या गावातून नव्या पथकासाठी पुरेशी माणसं पुढे आली होती.

हे मी शौर्याची कथा म्हणून सांगत नाही. निघायच्या घाईत, किंकाळणाऱ्या वाऱ्यात, त्या तांडेलाला एका घराचा हिशोब सुचला, ते मला शिकण्यासारखं वाटतं. तुम्ही पाठवलेल्या यादीत सख्ख्या भावांच्या दोन जोड्या आहेत. एक भाऊ बोटीत असेल तर दुसरा काठावर, हा नियम आजच लिहून टाका. पाण्यात भाऊ दिसला की माणूस दोर सोडून उडी मारतो. मी पाहिलंय.

आणि त्या यादीत एकही मुलगी नाही. का? पाणी भरलेल्या घराच्या खिडकीतून घाबरलेली आई तान्हं मूल बाईच्या हातात पटकन देते, पुरुषाच्या हातात द्यायला कचरते. रबरी बोटीत वीस किलो वजन कमी असणं म्हणजे आणखी एक मूल बसणं. शोधा, सोसायटीतच असतील.

आता पाण्याबद्दल. एकता नगरीत तुम्ही चाललात ते पाणी बहुतेक तुंबलेलं, संथ होतं. नदीच्या धारेत शिरला असतात तर आज हा प्रश्न विचारायला सगळे नसतात. त्या दिवशी खडकवासला धरणातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. गुणाकार केला की दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी येतं, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, प्रत्येक सेकंदाला. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. समुद्राची लाट अंगावर येते आणि मागे सरते, दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला फट देते. नदी ती फट देत नाही. एकदा झाडाच्या फांद्यांवर किंवा पुलाच्या कठड्यावर दाबलं की पाणी आरपार जातं आणि माणूस तिथेच चाळणीतल्या गाळासारखा अडकून राहतो.

म्हणून धारेत सापडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. गुडघ्याएवढं पाणी दिसलं तरी नाही. दगडांच्या फटीत पाय अडकला की धार पाठीवर बसते आणि तोंड पाण्याखाली जातं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे, तळवे खालच्या अंगाला, बोटं पाण्याबाहेर. मग तिरकं पोहत काठ गाठायचा. तरण तलावात पन्नास फेऱ्या मारणाऱ्या मुलालाही हे पाच-सहा वेळा करून दाखवावं लागतं, कारण शरीर उभं राहायलाच बघतं.

सगळ्यात जास्त भीती मला केटी बंधाऱ्यांची, म्हणजे नदीला आडव्या बांधलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची वाटते. वरून पाणी एकसारखं, देखणं पडतं. पायथ्याशी मात्र ते उलटं फिरत असतं. बंधाऱ्याच्या खाली काही अंतरावर पाणी तळातून वर उसळतं, तिथे एक रेषा दिसते. त्या रेषेच्या खालच्या अंगाचं पाणी खाली वाहतं आणि रेषा ते बंधारा यांमधलं पाणी बंधाऱ्याकडे परत जातं. ओंडका त्यात पडला तर दिवसभर तिथेच गरगरत राहतो. खालच्या अंगाने बोट नेली तरी ती आत खेचली जाते. फेसात निम्मी हवा असते, त्यात मोटरचा पंखा नुसता फिरतो आणि लाइफ जॅकेटही नीट तरंगवत नाही. तिथे बोट न्यायचीच नाही, काम काठावरून दोरानेच करायचं. आमच्या पथकात बंधाऱ्याजवळ बोट नेणाऱ्याला वर्षभर सुकाणूला हात लावता येत नाही, मग त्याने माणूस वाचवला असला तरी.

तुमची पहिली खरेदी दोर असू द्या. थ्रो बॅग म्हणतात ती, पंधरा ते वीस मीटर तरंगणारा दोर भरलेली पिशवी. प्रत्येकाला एक. दर रविवारी प्रत्येकाने पन्नास वेळा फेकायची.

काही वर्षांपूर्वी मावळात एका नदीवर आम्ही सरावाला गेलो होतो. श्रावणातला रविवार, पावसाची झड. वरच्या अंगाला आरडाओरडा झाला. एक कॉलेजचा मुलगा घसरून धारेत पडला होता आणि मधल्या एका खडकाला दोन्ही हातांनी धरून होता. त्याची बोटं पांढरी पडलेली काठावरून दिसत होती. आमच्या पथकातली एक मुलगी, जेमतेम एकोणीस वर्षांची, धावत त्याच्या थोडी खालच्या अंगाला गेली. पहिला दोर त्याच्या दोन हात पुढे पडला. ती दोर गुंडाळत बसली नाही. भराभर पायाशी ओढून घेतला, रिकाम्या पिशवीत पाणी भरलं आणि त्या वजनावर पिशवी परत फेकली, ती बरोबर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. त्याने एक हात सोडून दोर मनगटाला गुंडाळायला घेतला. ही ओरडली, "गुंडाळू नकोस, नुसता धर! छातीशी धर, पाठीवर हो!" आणि स्वतः खाली बसली, टाचा रोवल्या. मागून दुसऱ्याने तिचं जॅकेट धरलं. धारेने त्या मुलाला कमानीसारखं वळवत काठाला आणून लावलं. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. आमची बोट तेव्हा गाडीच्या टपावर बांधलेलीच होती.

दोर स्वतःच्या कमरेला बांधून पाण्यात जायचं नाही, हेही इथेच सांगतो. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. माणूस धारेत आणि दोर ताणलेला, म्हणजे पाणी त्याला तळाला दाबतं. वरचे जितकं ओढतील तितकं जास्त. बचाव जॅकेटला पाठीमागे दोर अडकवायची कडी असते आणि एक गोळा ओढला की सुटतो असा पट्टा असतो. तसलं जॅकेट नसेल तर दोर हातातच राहू द्या.

मग बोट. पहिलं वर्ष टिकलात तर चार ते पाच मीटरची रबरी बोट, तळ कडक, हवेचे कप्पे किमान तीन, आणि पंचवीस ते चाळीस हॉर्सपॉवरची मोटर घ्या. पंख्याभोवती जाळी हवीच, तुम्ही माणसांच्या जवळ जाणार आहात. आपल्या नद्यांत मोटरला खडकापेक्षा जलपर्णीचा त्रास जास्त. देठ पंख्याला दोरखंडासारखे गुंडाळले जातात, मोटर गरम होऊन बंद पडते, आणि बोट धारेला आडवी होते. विळी नव्हे, टोक नसलेला वाकडा चाकू जॅकेटला कायम बांधलेला हवा, आणि मोटर चालू असली तरी वल्ही हाताशी हवीत. मोटर बंद धरून वल्ह्यांवर बोट काठाला आणता येत नाही तोवर कुणालाही मोटर चालवायला देऊ नका.

हवेचंही एक आहे. उन्हात बोट भरली तर नळ्या टणक लागतात. थंड पाण्यात उतरवली की दहा मिनिटांत आतली हवा आकसते आणि बोट मधून वाकायला लागते. म्हणून पाण्यात उतरवून, थोडं थांबून, अंगठ्याने दाबून बघायचं आणि पुन्हा दोन-चार पंप मारायचे. टू-स्ट्रोक मोटर असेल तर तेलाचं प्रमाण कंपनी सांगेल तेच, बहुतेक लिटरला वीस मिली. महिनाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल ऐनवेळी दगा देतं. दर रविवारी पाण्याच्या पिंपात मोटर चालू करायची आणि चिखलातून आली की गोड्या पाण्याने आतून धुवायची. आमच्याकडे याची वही आहे. ज्याची सही राहिली, त्याला त्या आठवड्यात कॉलवर नेत नाही.

मोटरवर एक लाल दोरी असते, चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला अडकवायची. तो पडला की दोरी निघते आणि मोटर थांबते. तिसऱ्या वर्षी, सरावच आहे म्हणून, मी ती अडकवली नव्हती. वळणावर तोल गेला, मी पाण्यात आणि बोट एकटी चालू. अशी बोट सरळ जात नाही, गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी बुडी मारली, तरी उजवी पोटरी फाटली. अकरा टाके. तेव्हा पंख्याला जाळीही नव्हती.

किती माणसं घ्यायची हे बोटीवर लिहिलेलं असतं आणि तो आकडा संथ पाण्यातला असतो. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून सुटकेसाठी निघालेली बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती आणि सुटकेच्या वाटेवरच ती बुडाली. तुमच्यावर ही वेळ येईल तेव्हा काठावरची माणसं तुमच्या ओळखीची असतील, "अजून एक घे रे" म्हणतील. तांडेल एकच हवा आणि तो "नाही" म्हणाला की विषय संपला. बोटीत वयाने मोठा कोण, सोसायटीचा अध्यक्ष कोण, हे चालत नाही.

शहरातल्या पुरात आणखी एक गोष्ट पाण्याइतकीच मारते, ती म्हणजे वीज. त्याच २५ जुलैला पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. पाणी फार खोलही लागत नाही. परिसराचा वीजपुरवठा बंद केल्याचं महावितरणकडून पक्कं कळल्याशिवाय कुणीही पाण्यात पाय टाकायचा नाही. तुम्ही त्या दिवशी टाकला होता, हे तुमच्या पत्रावरून कळतंच. पुढच्या वेळी नको. शिवाय उघडे चेंबर, बेसमेंटचे उतार, आणि भिंतींवरचे टोकदार गज, जे पाण्याखाली असतात आणि बोट फाडतात. मे महिन्यात सोसायटी-सोसायटी फिरून याचा नकाशा करा. कुठल्या मजल्यावर कोण झोपून असतं, कुणाला ऑक्सिजन लागतो, हेही त्यावर घ्या. नदीपात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली गेला की लोक मोबाइलवर चित्रीकरण करतात, तुम्ही तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांना वर हलवायला लागा. ते काम पहाटे तीनच्या बोटीपेक्षा जास्त जीव वाचवतं. आणि घरी आल्यावर साबणाने आंघोळ. आपल्या पुरात मैलापाणी असतं. जखमेत गेलं तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती, पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं सांगायचं.

आता जे कुणी सांगत नाही ते. मेंदूला चार ते सहा मिनिटं हवा मिळाली नाही की इजा सुरू होते. पुण्यातून पानशेतला रविवारच्या गर्दीत तास-दीड तास लागतो. म्हणजे लांबून येणारी बोट बहुतेक वेळा जिवंत माणसासाठी पोहोचतच नाही. आमचे बहुसंख्य कॉल शोधाचे असतात. गळ टाकायचे, डोहाच्या कडेने ओळीने फिरायचं, अंधार पडला की थांबायचं, पहाटे परत. बुडालेला देह बहुधा दोन-तीन दिवसांनी आपोआप वर येतो, थंड आणि खोल पाण्यात जास्त दिवसांनी. हे आम्हाला माहीत असतं. काठावर बसलेल्या बापाला ते कसं सांगायचं, हे मात्र इतक्या वर्षांत मला नीट जमलेलं नाही. एकदा एका धरणाच्या फुगवट्यावर एक गृहस्थ दोन दिवस मुलाची चप्पल मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही प्रत्येक फेरीनंतर काठाला आलो की ते उठून उभे राहायचे, काही विचारायचे नाहीत, आम्ही मान हलवली की परत बसायचे. तिसऱ्या दिवशी सापडला. त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

हे तुमच्यातल्या सगळ्यांना झेपेल असं नाही, आणि न झेपणं हा दोष नाही. अशा कॉलनंतर आम्ही थेट घरी जात नाही. एकत्र बसतो, जेवतो, ज्याला बोलायचं तो बोलतो. ज्याला झोप लागत नाही त्याला पुढच्या शोधावर नेत नाही, काठावरचं काम देतो. देह झाकायची चादर आणि दोन माणसं कुटुंबाशेजारी, हे आमच्या साहित्याच्या यादीत गळाच्या आधी लिहिलेलं आहे.

जिवंत हाती लागला तर पोट दाबत बसू नका, उलटा धरून फिरवू नका. पाणी काढण्यात मिनिटं जातात. श्वास नसेल तर डोकं मागे, नाक बंद, तोंडाने आधी पाच श्वास, मग छाती दाबणं, तीस वेळा दाबलं की दोन श्वास. हे सगळ्यांनी बाहुलीवर शिकायचं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा.

कागदपत्रांचं थोडक्यात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे नाव नोंदवा, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. आपदा मित्र योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण निघालं की अर्ज करा. सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, त्यांची प्रात्यक्षिकं जवळून बघा. घटनास्थळी अग्निशमन दलाचा अधिकारी असेल तर त्याचंच ऐकायचं, तुम्ही कितीही आधी पोहोचलेले असा. प्रत्येकाचा विमा. मोटरबोटीची नोंदणी. आणि घरच्यांना एकदा सरावाला घेऊन या. रात्री दोनला फोन वाजल्यावर दार उघडणारी तीच माणसं असतात.

जमलेल्या वर्गणीतून आत्ता बारा थ्रो बॅग, बारा चांगली बचाव जॅकेट, हेल्मेट आणि शिट्ट्या घ्या. बाजारातली स्वस्त फोमची जॅकेट नकोत, मांड्यांमधून जाणारा पट्टा नसला की ती पाण्यात डोक्यावरून निघून जातात. जे पैसे उरतील त्यातून आणखी दोर घ्या आणि नदीकाठच्या टपऱ्यांवर, मंदिरांत, घाटावर अडकवून ठेवा, वापरायचा कसा ते त्या लोकांना शिकवा. चार मिनिटांत पोहोचणारं माणूस म्हणजे तिथली चहावाली मावशीच असते.

पाटबंधारे खात्याची परवानगी काढून आमचा सराव चालतो, रविवारी सकाळी साडेसहाला. पुढच्या दोन रविवारी सहा-सहा जण या, सगळे एकदम नको. येताना जुने बूट घाला, नाडी घट्ट बांधता येईल असे. चप्पल घालून आलेल्याला पाण्याजवळ सोडत नाही.